जीआय जीनियस: पडद्यावरच्या हिरव्या चौकोनाचं मोल किती?

कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी (स्कोप) घालून मोठ्या आतड्याची तपासणी, चालू असते. स्कोप हळूहळू बाहेर येत असतो, आतड्याची गुलाबी घडी पडद्यावरून सरकते, तेवढ्यात एका कोपऱ्यात हिरवा चौकोन उमटतो आणि बारीक आवाज होतो. डॉक्टरांचा हात थांबतो. ते पाणी मारून जागा धुतात आणि जवळ जाऊन पाहतात. तिथे चार मिलिमीटरचा, आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाचा पॉलिप (अस्तरावरची छोटी वाढ) असतो, नाहीतर फेसाचा बुडबुडा असतो. जीआय जीनियस नावाचं यंत्र इतकंच काम करतं. या परीक्षणाचा विषय आहे ते हे काम किती चांगलं करतं, त्याचा उपयोग नेमका कुणाला आहे आणि त्यासाठी जादा पैसे मोजावेत का.

यंत्र म्हणजे एक पेटी. कॉस्मो या आयर्लंडमध्ये मुख्यालय असलेल्या औषध कंपनीने ते बनवलं आणि मेडट्रॉनिक ते विकते. युरोपात २०१९ मध्ये त्याला परवानगी मिळाली. अमेरिकेत औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने ९ एप्रिल २०२१ रोजी हिरवा कंदील दाखवला. कोलोनोस्कोपी चालू असताना पॉलिप शोधायला मदत करणारं, मशीन लर्निंगवर चालणारं हे तिथलं पहिलं उपकरण. त्याच्यासाठी नवा स्कोप लागत नाही. स्कोपचा प्रोसेसर आणि मॉनिटर यांच्यामध्ये पेटी बसते. प्रोसेसरकडून आलेलं चित्र ती वाचते, संशयास्पद जागेभोवती चौकोन काढते आणि चित्र पुढे मॉनिटरला देते. ऑलिंपस, फुजी, पेंटॅक्स असे वेगवेगळे स्कोप वापरणाऱ्या विभागाला याचा मोठा फायदा, कारण एकच पेटी सगळ्यांना चालते.

ही जोडणी सोपी असली तरी तिच्यातच पहिली अडचण दडलेली आहे. चित्र पेटीतून जाणार असेल, तर पेटी बंद पडल्यावर मॉनिटरचं काय? म्हणून प्रोसेसरपासून मॉनिटरला थेट जाणारी दुसरी तार कायम लावलेली हवी, आणि मॉनिटरवर एका बटणाने इनपुट कसं बदलायचं हे खोलीतल्या तंत्रज्ञाला तोंडपाठ हवं. रुग्णाला गुंगीचं इंजेक्शन देण्याआधी दोन्ही मार्ग तपासून घ्यावेत. स्कोप सीकमपाशी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकाला, पोचल्यावर पडदा काळा पडला आणि त्यानंतर तार शोधायला सुरुवात झाली, तर तो दोष यंत्राचा नव्हे, तयारीचा.

पॉलिप सुटतो तो दोन कारणांनी

या यंत्राचं मोल ठरवायचं तर आधी पॉलिप सुटतात कसे हे बघावं लागेल. एक तर पॉलिप पडद्यावर आलेलाच नसतो. तो घडीच्या मागच्या बाजूला असतो, यकृताजवळच्या वळणाआड असतो, किंवा पातळ मळाखाली झाकलेला असतो. नाहीतर पॉलिप पडद्यावर आलेला असतो, पण नजरेतून निसटतो. तो चपटा असतो, फिकट असतो, कडेला क्षणभर दिसून गेलेला असतो. किंवा दुपारी तीन वाजता दिवसातली नववी केस चालू असते आणि डोळे थकलेले असतात.

जीआय जीनियसचा उपाय फक्त दुसऱ्या कारणावर चालतो. ते न थकता प्रत्येक फ्रेम बघतं, कोपऱ्यांसकट बघतं. पण पडद्यावर जे आलंच नाही त्याचा त्याला पत्ता नसतो. स्कोप घडीमागे वळवणं, हवा भरणं, पाणी मारून धुणं, रुग्णाला डाव्या कुशीवरून पाठीवर वळवणं ही सगळी हाताची कामं आहेत. विकत घेण्याच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा विसरला जातो.

नजरेतून सुटणाऱ्या पॉलिपांच्या बाबतीत मात्र यंत्राचे आकडे खरोखर चांगले आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २३० जणांची कोलोनोस्कोपी त्याच दिवशी लागोपाठ दोनदा केली. काहींची पहिली फेरी यंत्रासह झाली, काहींची यंत्राविना. पहिल्या फेरीत सुटलेले अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारे पॉलिप, दुसऱ्या फेरीत मोजले. यंत्राविना पहिली फेरी झाली तिथे ३२.४ टक्के अ‍ॅडिनोमा सुटले होते, यंत्रासह झाली तिथे १५.५ टक्के. म्हणजे नेहमीच्या पद्धतीत तीनातला एक निसटत होता, तो सहा-सातांतल्या एकावर आला. यंत्र असूनही जे पंधरा टक्के उरले, त्यांतले बरेचसे घडीमागचे असणार, असं मानायला जागा आहे.

चाचण्या काय म्हणतात

या क्षेत्रात सगळं एडीआर या मापाने मोजतात. तपासलेल्या शंभर जणांपैकी किती जणांत निदान एक अ‍ॅडिनोमा सापडला, तो आकडा म्हणजे एडीआर. हे माप महत्त्वाचं का, ते २०१४ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. १३६ डॉक्टर, तीन लाखांहून अधिक कोलोनोस्कोपी, आणि निष्कर्ष असा की डॉक्टरचा एडीआर एका टक्क्याने जास्त असला की त्याच्या रुग्णांना पुढे मोठ्या आतड्याचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी कमी असतो.

जीआय जीनियसची पहिली मोठी चाचणी इटलीतल्या तीन केंद्रांत ६८५ जणांवर झाली. एडीआर ४०.४ टक्क्यांवरून ५४.८ टक्क्यांवर गेला, आणि स्कोप बाहेर काढायला लागणाऱ्या वेळेत लक्षणीय फरक पडला नाही. दोन हजारांपेक्षा कमी कोलोनोस्कोपी केलेल्या डॉक्टरांवर वेगळी चाचणी झाली, तिथे ४४.५ वरून ५३.३. ब्रिटनमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या १२ रुग्णालयांत दोन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या चाचणीत ४८.४ वरून ५६.६. तीन ठिकाणी, तीन प्रकारच्या डॉक्टरांच्या हातात आकडा वर गेला. यात यंत्राची गुणवत्ता दिसते, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

मग रोजच्या कामात काय होतं? चाचणीत सगळ्यांना माहीत असतं की आपल्याकडे बघितलं जातंय. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये हेच यंत्र नेहमीच्या कामात बसवून वापरण्याआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले, तर एडीआर दोन्ही काळांत ४० टक्क्यांच्या आसपासच राहिला. चाचण्या खोट्या ठरल्या असा याचा अर्थ नाही. ज्या विभागात डॉक्टर आधीच सावकाश आणि नेटाने बघतात तिथे वाढायला जागा कमी असते, आणि जिथे चौकोन उमटूनही हात थांबत नाही तिथे यंत्र असून नसल्यासारखं.

खोटे इशारे

वापरणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते, म्हणून इथे थोडं थांबू. इटलीतल्या चाचणीच्या ४० ध्वनिचित्रफिती घेऊन संशोधकांनी खोटे चौकोन मोजले. दर कोलोनोस्कोपीला सरासरी २७ निघाले. त्यांतले ८८ टक्के आतड्याच्या भिंतीमुळे होते आणि बाकीचे आतड्यात उरलेल्या घाणीमुळे. आकडा ऐकून धडकी भरते, पण त्यांतले बहुतेक चौकोन क्षणात विरतात आणि डॉक्टर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. खोट्या इशाऱ्यांत गेलेला वेळ स्कोप बाहेर काढण्याच्या एकूण वेळेच्या दोन टक्क्यांपेक्षाही कमी भरला.

भिंतीमुळे चौकोन का उमटतो? आतडं नीट फुगवलेलं नसलं की घडीची कड गोलसर दिसते, पॉलिपच्या टोकासारखी. सक्शन, म्हणजे आतलं पाणी-हवा ओढणारी नळी, जोरात लावलं की अस्तराचा तुकडा ओढला जातो आणि त्या जागी लालसर फुगवटा उरतो. लहान आणि मोठ्या आतड्यांमधली इलिओसीकल झडप तर जवळपास प्रत्येक वेळी चौकोनात अडकते, आणि अपेंडिक्सचं तोंडही कधीकधी. डायव्हर्टिक्युला, म्हणजे भिंतीतल्या पिशव्या, यांच्या कडाही फसवतात. उपाय हातातलेच आहेत: हवा किंवा कार्बन डायऑक्साइड पुरेसा भरा, सक्शन अस्तरापासून दूर धरा, आणि चौकोन एका जागी टिकतोय की स्कोप हलताच गायब होतोय ते बघा. खरा पॉलिप कोन बदलला तरी चौकोन सोडत नाही. घडीची कड बहुतेक वेळा सोडते.

घाणीमुळे येणारे चौकोन म्हणजे बुडबुडे, मळाचे चिकटलेले ठिपके, फळाच्या बिया. बुडबुड्यांवर सिमेथिकोन हे फेस मोडणारं औषध चांगला उतारा. ते पोट साफ करायच्या औषधात घेतलेलं बरं. स्कोपच्या पाण्यात घातलं तर त्याचा थर आतल्या नळ्यांत राहतो आणि पुढच्या सफाईला त्रास देतो.

पहिल्या काही आठवड्यांत दोन टोकं दिसतात. काही डॉक्टर प्रत्येक चौकोनापाशी थांबतात आणि यादी लांबते, तर काही जण चार-पाच खोट्या इशाऱ्यांनंतर सगळ्याच चौकोनांकडे कानाडोळा करतात. दुसरं टोक जास्त घातक. अनेक विभागांत आत जाताना यंत्र बंद ठेवतात आणि सीकमला पोचल्यावर चालू करतात. ही पद्धत आम्हाला पटते. आत जाताना आतडं न फुगलेलं, न धुतलेलं असतं, तेव्हा चौकोनांचा नुसता पाऊस पडतो.

यंत्राला काय नीट दिसत नाही

सेसाइल सेरेटेड लीजन नावाचे चपटे पॉलिप उजव्या बाजूच्या आतड्यात लपून बसतात. रंग अस्तराचाच, कडा पुसट, वर पिवळसर चिकट थराची टोपी. मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी अंदाजे १५ ते ३० टक्के या वाटेने येतात, त्यामुळे ते सुटणं परवडत नाही. लहान, उठावदार अ‍ॅडिनोमा शोधण्यात यंत्राचा हात कुणी धरणार नाही, पण या चपट्या मंडळींच्या बाबतीत चाचण्यांचा कौल एकसारखा नाही. तो चिकट थर पाण्याने धुतल्याशिवाय खालचं काही दिसत नाही, ना डोळ्याला ना यंत्राला. पिवळसर ठिपका दिसला की आधी धुवा, मग चौकोनाची वाट बघा.

दुसरी गोष्ट पसरट गाठींची. तीन-चार सेंटिमीटर पसरलेली चपटी गाठ जवळून बघताना पडदाभर असते, तिची कड चित्राबाहेर जाते. अशा वेळी चौकोन आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. स्कोप मागे घेऊन दुरून बघावं, अस्तरावरचं रक्तवाहिन्यांचं जाळं कुठे तुटलंय ते शोधावं.

आणि एफडीएने परवानगी देतानाच स्पष्ट केलंय की हे यंत्र पॉलिप कोणत्या प्रकारचा आहे ते सांगण्यासाठी नाही, आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीची जागा ते घेत नाही. चौकोन म्हणजे "इथे बघा". त्याहून अधिक अर्थ त्यात शोधू नये.

पोट साफ नसेल तर पेटी शोभेची

रुग्णाने करायचं काम हेच आणि एवढंच, पण तपासणीचा अर्धा निकाल त्यावर ठरतो. सफाई मोजायला बोस्टन मापनपट्टी वापरतात. आतड्याच्या उजव्या, मधल्या आणि डाव्या भागाला प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ९. प्रत्येक भागाला निदान २ गुण मिळाले तरच तपासणी भरवशाची. मळाखालचा पॉलिप कोणतीही कृत्रिम बुद्धिमत्ता शोधू शकत नाही.

आपल्या जेवणाच्या हिशेबाने सांगायचं तर आदल्या दोन-तीन दिवसांत पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, भाकरी, तीळ-जवसाची चटणी, पेरू, डाळिंब, टोमॅटो, काकडी बंद. बिया पोटात राहतात, सक्शनची नळी तुंबवतात आणि पडद्यावर चौकोन उमटवतात. पांढरा भात, मुगाचं पातळ वरण, इडली, दही चालतं. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारी पेयं घ्यायला सांगितलं असेल तर नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. कोकम सरबत, सोलकढी, बीट किंवा कोणतंही लाल-जांभळं पेय नको, कारण आत त्याचा रंग रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, त्या पाच ते सात दिवस आधी बंद करायच्या असतात. रक्त पातळ करण्याच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांचं मात्र स्वतःच्या मनाने काही करू नका. त्यांचं काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पोट साफ करणारी पीईजी पावडर दोन लिटर पाण्यात कालवून देतात. सगळं औषध आदल्या रात्री संपवण्याची जुनी सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ती सोडावी. अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून निदान दोन तास आधी संपवावं. रात्रीच सगळं घेतलं तर पहाटेपर्यंत लहान आतड्यातून आलेला पित्ताचा चिकट थर उजव्या बाजूवर बसतो, आणि चपटे पॉलिप नेमके तिथेच असतात. दर १०-१५ मिनिटांनी एक ग्लास, थंड करून. शेवटी शौचाला फिकट पिवळं, तळ दिसेल असं पाणी आलं पाहिजे. गढूळ असेल तर ते आत जाण्याआधी सांगा, लाजू नका.

जास्त सापडणं म्हणजे जास्त भलं?

इथे आमचा उत्साह थोडा आवरतो. यंत्रामुळे जे जादा अ‍ॅडिनोमा सापडतात ते बहुतेक पाच मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतात. अशा वेगवेगळ्या एआय यंत्रांच्या २१ चाचण्या आणि १८ हजारांहून जास्त रुग्णांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये आला. त्यात एडीआर ३५.९ वरून ४४ टक्क्यांवर गेला, पण धोकादायक, म्हणजे मोठ्या किंवा पुढच्या टप्प्यातल्या अ‍ॅडिनोमांत फरक दिसला नाही. उलट कर्करोगाशी काही संबंध नसलेले पॉलिपही जास्त कापले गेले. त्याच वर्षी स्पेनमधल्या चाचणीत मळातल्या रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आलेले तीन हजारांहून जास्त लोक होते. त्यांच्यात पुढच्या टप्प्यातल्या गाठी यंत्रासह ३४.८ टक्के जणांत सापडल्या आणि यंत्राविना ३४.६ टक्के जणांत. फरक नाहीच.

लहान अ‍ॅडिनोमा काढण्यात वाईट काय, असं कुणी विचारेल. काढणं तसं सोपं आहे. पॉलिप पडद्यावर घड्याळाच्या पाच-सहाच्या जागी आणायचा, वीज न वापरता थंड स्नेअरचा, म्हणजे तारेचा, फास भोवतीच्या एक-दोन मिलिमीटर निरोगी अस्तरासकट टाकायचा, सावकाश आवळून कापायचा, सक्शनने ट्रॅपमध्ये (तुकडा अडकवणाऱ्या डबीत) ओढायचा, जागा धुऊन रक्त थांबतंय ते बघायचं. पण प्रत्येक तुकडा बाटलीत जातो, पॅथॉलॉजीकडे जातो, आणि बऱ्याच ठिकाणी दर बाटलीमागे बिल लागतं. पुढचं वेळापत्रकही बदलतं. अमेरिकी नियमांनुसार एक सेंटिमीटरपेक्षा लहान एक-दोन अ‍ॅडिनोमा असतील तर पुढची तपासणी ७ ते १० वर्षांनी. तेच तीन-चार निघाले तर ३ ते ५ वर्षांनी. तीन मिलिमीटरचा एक जादा दाणा सापडला, आणि माणूस चार वर्षं आधी पुन्हा त्या दोन लिटर औषधासमोर बसला. युरोपातले नियम इथे सैल आहेत. चारपर्यंत लहान अ‍ॅडिनोमांना ते वेगळी पाळत ठेवायला सांगत नाहीत, पाच झाले की तीन वर्षांनी बोलावतात. आम्हाला हे नियम अधिक शहाणपणाचे वाटतात, आणि यंत्र वापरणाऱ्या विभागाने तरी तेच धरावेत.

या तराजूचं माप वेगवेगळ्या तज्ज्ञांनी वेगवेगळं केलंय. गणिती प्रारूपाचा अंदाज असा की १० हजार लोकांमागे १० वर्षांत यंत्रामुळे साधारण ११ कर्करोग आणि २ मृत्यू टळतील. २०२५ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने हा फायदा लहान ठरवून नेहमीच्या वापराविरुद्ध सौम्य शिफारस केली. त्याच वर्षी अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने बाजूने किंवा विरोधात काहीच शिफारस केली नाही. एकाच पुराव्यावरून दोन जाणत्या मंडळांचं एकमत होत नाही, म्हणजे "एआय असलेलीच कोलोनोस्कोपी करा" अशी जाहिरात करायला आज आधार नाही.

सवय लागल्यावर

ऑगस्ट २०२५ मध्ये पोलंडमधून आलेला अभ्यास विभागप्रमुखांनी आवर्जून वाचावा. चार केंद्रं, प्रत्येकी दोन हजारांहून अधिक कोलोनोस्कोपी केलेले १९ अनुभवी डॉक्टर. असं एआय यंत्र येण्याआधी त्यांचा एडीआर २८.४ टक्के होता. यंत्राची सवय झाल्यावर त्यांनी यंत्राविना केलेल्या तपासण्यांत तो २२.४ वर घसरला. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, कामाचा वाढलेला ताण किंवा रुग्णांमधला फरकही कारणीभूत असू शकतो. तरी सहा टक्क्यांची घसरण दुर्लक्ष करण्याजोगी नाही. डोळा चौकोनाची वाट बघायला लागला की कडांकडे फिरणं विसरतो. शिकाऊ डॉक्टरांना निदान पहिली काही शे कोलोनोस्कोपी यंत्र बंद ठेवून कराव्या लागाव्यात, आणि नंतरही महिन्यातले काही दिवस पेटी बंद ठेवून एडीआर मोजावा, असं आमचं ठाम मत आहे.

पर्याय

फुजीचं कॅड आय हे त्याच कंपनीच्या प्रोसेसरशी जोडलं जातं. चौकोनाशिवाय पडद्याच्या कडेच्या वर्तुळाचा त्या बाजूचा भाग उजळतो, त्यामुळे नजर मधून न हलवताही इशारा कळतो. ही सोय आम्हाला फार आवडली. निळ्या प्रकाशात ते पॉलिप अ‍ॅडिनोमासारखा आहे की साधा, याचा अंदाजही देतं. ऑलिंपसचं एंडो-एड त्यांच्या एव्हिस एक्स-१ प्रणालीसोबत येतं. चीनच्या विजन एआयचं एंडोस्क्रीनर कमी बोललं जाणारं, पण या विषयातल्या पहिल्या मोठ्या चाचण्यांपैकी एक त्याच्यावरच झाली. २०१९ मध्ये चेंगडूत १,०५८ रुग्णांवर, एडीआर २०.३ वरून २९.१. विभागात एकाच कंपनीचे स्कोप असतील तर त्या कंपनीचंच सॉफ्टवेअर बघावं. मिश्र असतील तर जीआय जीनियसला तोड नाही.

आपल्याकडे घ्यावं का

वरच्या बहुतेक चाचण्या जिथे झाल्या तिथे पन्नाशीच्या धडधाकट माणसाला तपासणीला बोलावतात. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण असा जागतिक अंदाज आहे, पण त्यासाठी सरकारी चाळणी तपासणी (लक्षणं नसताना सरसकट केलेली) नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच कर्करोग आहेत. आपल्याकडे माणूस कोलोनोस्कोपीला येतो तो रक्त पडतं, वजन घटतं, हिमोग्लोबिन उतरतं म्हणून, आणि येतो तोही उशिरा. त्याच्यातली गाठ दिसायला हिरवा चौकोन लागत नाही. त्यामुळे युरोपातले टक्के जसेच्या तसे आपल्या रुग्णालयांना लावू नयेत.

शिकवणाऱ्या मोठ्या केंद्राने, वर दिलेल्या अटींवर, किंवा रोज पंधरा-वीस कोलोनोस्कोपी होणाऱ्या आणि निवांत दुसरी नजर न मिळणाऱ्या विभागाने यंत्र घ्यावं. पण त्याआधी तीन महिने स्वतःचा एडीआर मोजावा. तो मोजलेला नसेल तर यंत्राने काय फरक पडला हे कधीच कळणार नाही. जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या केंद्राने मात्र तोच पैसा आधी चांगल्या स्कोपवर, पाण्याच्या पंपावर, कार्बन डायऑक्साइडच्या जोडणीवर आणि रुग्णाला सफाईच्या सूचना मराठीत समजावणाऱ्या परिचारिकेच्या पगारावर लावावा. तिथे परतावा नक्की जास्त आहे.

रुग्णाने "तुमच्याकडे एआय आहे का" हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी विचारायचं ते असं: डॉक्टरांचा एडीआर किती? अमेरिकी संस्थांनी २०२४ मध्ये चाळणी, पाळत आणि निदान या सगळ्या कोलोनोस्कोपींसाठी ३५ टक्क्यांची अपेक्षा ठेवली आहे. आपल्याकडे आकडा कमी येईल, पण तो मोजतात की नाही एवढं कळलं तरी पुरे. औषध दोन भागांत देता का? अहवालात सीकमचा फोटो, बोस्टन गुण आणि स्कोप बाहेर काढायला लागलेली वेळ लिहिता का? काही सापडलं नाही तर ती वेळ सरासरी आठ मिनिटं किंवा जास्त हवी. घरात आई-वडील किंवा भावंडाला हा कर्करोग झाला असेल तर तेही आधी सांगा. त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी किंवा चाळिशीला, जे आधी येईल तेव्हा, तपासणी सुरू करायची असते. तपासणीनंतर प्रत्येक पॉलिपचं माप, जागा आणि पॅथॉलॉजीचा निकाल, आणि पुढची कोलोनोस्कोपी नेमकी कोणत्या वर्षी, हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय फाइल बंद करू नका.